खिडकीत वाळवलेली होडी

कारखान्यात तिला सगळे अळणीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. बावीस वर्षं ती एकच गोष्ट मोजत आली होती, धातूत मिठाचा अंश किती. मीठ म्हणजे अगदी जेवणातलं नव्हे, क्लोराइड. पण हे क्लोराइड मेलं कुठे नसतं? मिठात असतं, घामात असतं, नळाच्या पाण्यात असतं, बोटाच्या ठशातसुद्धा असतं. म्हणून तिच्या लॅबमध्ये येणाऱ्याला आधी चोर समजलं जायचं आणि मग हातमोजे दिले जायचे. खारे दाणे खाऊन आलेला माणूस दारातूनच परत. एकदा साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि घाम पुसता पुसता यंत्राला हात लावायला गेले. "साहेब, हात मागे," असं बाई अशा आवाजात म्हणाल्या की साहेबांबरोबर चारही पाहुण्यांचे हात मागे गेले.

घरी नवरा चिडवायचा, "इथे तरी मीठ चालेल ना, बाई? की चिठ्ठी आणू साहेबांची?"

नवरा त्याच कारखान्यात वेल्डर होता. कारखाना टायटॅनियमच्या भुकटीचा. भुकटी बाहेरून यायची, साच्यात दाबली जायची, भट्टीत भाजली जायची आणि तिचे नळे, वळणाला जोडायचे एल्बो असं काय काय तयार व्हायचं. मग वेल्डर ते एकमेकांना जोडायचे. पुढे त्या नळ्यांतून कुठल्या कुठल्या कारखान्यांत ॲसिड वाहायचं. आता या भुकटीत क्लोराइड राहिलं असेल तर ते भट्टीतही पुरतं जात नाही. वेल्डरनं टॉर्च लावला, धातू वितळला, की आत दडून बसलेलं क्लोराइड वाफ होऊन उसळतं आणि सांध्यात बारीक बारीक भोकं ठेवून जातं. वरून सांधा अगदी देखणा दिसतो. म्हणून नियमच होता की दहा लाख भागांत शंभर भागांपेक्षा जास्त क्लोराइड निघालं तर तो लॉट परत पाठवायचा. तो आकडा काढायचा अळणीबाईंनी आणि खाली सहीही त्यांचीच.

आकडा काढायची रीत अशी. अर्धा ग्रॅम भुकटी क्वार्ट्झच्या लांबट भांड्यात घ्यायची. त्या भांड्याला लॅबमध्ये होडी म्हणत. होडी लालबुंद तापलेल्या नळीत सरकवायची आणि वरून वाफ सोडायची. धातूतलं क्लोराइड वाफेबरोबर सुटून येतं, ते पाण्यात पकडायचं आणि त्या पाण्याचा थेंब क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडायचा. पाण्यात जे जे विरघळलेलं असेल ते यंत्रातून आपापल्या वेळेला बाहेर पडतं. क्लोराइडची वेळ साडेचार मिनिटांची. तोवर पडद्यावरची रेघ सपाट चालते, मग वर चढते, टेकडी काढते आणि उतरते. टेकडी मोठी तर क्लोराइड जास्त.

आणि रोज सकाळी सगळ्यांत आधी एक होडी रिकामी जायची. तिला म्हणायचं ब्लँक. रिकाम्या होडीतही थोडं क्लोराइड दिसतंच, पाण्यातलं म्हणा, नळीतलं म्हणा. ते त्या दिवशीच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचं, म्हणजे उरतं ते निव्वळ धातूतलं. बाईंचा सगळा जीव या ब्लँकमध्ये. भुकटीच्या होड्या लॅबमधले बाकीचे लोक धूत आणि सामायिक ओव्हनमध्ये वाळवत. ब्लँकच्या होडीला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. तिला कधी धातूचा कण शिवला नव्हता. त्या सामायिक ओव्हनमध्येही ती जायची नाही, उगाच कुणाच्या होडीतली धूळ लागायची. बाई स्वतः ती सात पाण्यांनी धुवायच्या, पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर स्वच्छ कागद अंथरायच्या आणि तिथे तिला रात्रभर वाळत ठेवायच्या. लोक हसायचे. बाळाची दुपटी वाळवावीत इतक्या मायेनं चालायचं सगळं.

नवऱ्याचं वेगळंच. त्याला आकड्यांचं वावडं. तो टॉर्च लावायचा आणि धातूचं ऐकायचा. "चांगला धातू बोलत नाही गं," तो म्हणायचा, "गपचूप वितळतो." तीस वर्षांत त्याचा एक सांधा परत आला नव्हता. नवीन वेल्डरांना त्याचे सांधे दाखवायला नेत.

मागच्या वर्षी तो एकदा घरी आला तो कपाळाला आठ्या घेऊनच. हातपाय न धुताच खुर्चीत बसला.

"आजचा माल थुंकतोय," तो म्हणाला. "टॉर्च लावला की फुटफुट उडतोय. धातूत काहीतरी आहे."

"गॅसचं बघा तुमच्या," ती म्हणाली. "धातू मी पास केलाय."

त्यानं गॅस बदलून पाहिला, टॉर्च बदलून पाहिला. माल थुंकतच राहिला. मग फोरमनने लॅबचा कागद दाखवला, त्यावर बायकोची सही, आणि त्यानं काम पुरं केलं. सांधे देखणेच निघाले. ते दुसऱ्या एका कारखान्यात बसवले गेले. पाच आठवड्यांनी त्यांतला एक गळला आणि खाली काम करणाऱ्या फिटरच्या उजव्या हातावर ॲसिड पडलं. फिटर सव्वीस वर्षांचा. हात वाचला, पण बोटं मिटेनात.

चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी नवरा बराच वेळ ताटासमोर नुसता बसून होता.

"एक विचारू? रागावू नकोस," तो म्हणाला. "तू त्या लॉटचं नीट बघितलंस ना?"

ती रागावलीच. "म्हणजे? मी काय तिथे माशा मारत बसते?"

"तसं नाही गं. पण तो थुंकत होता."

"त्र्याण्णव आकडा आहे. शंभराच्या आत. धातूत काही नाही. आता वय झालंय, डोळे तपासून घ्या एकदा."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर असेल."

दुसऱ्या दिवशी चौकशीत तिचा कागद टेबलावर ठेवला गेला. नवऱ्यानं तो वाचला नाही. वाद घातला नाही, थुंकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "धातू चांगला होता," तो म्हणाला. "माझाच हात चुकला असणार." त्याला टॉर्चवरून काढलं आणि गेटजवळच्या खोलीत हेल्मेटं वाटायला बसवलं.

तिसऱ्या महिन्यात त्याचे हात थरथरायला लागले. आधी फक्त कप धरताना, मग किल्ली लावताना, मग नेहमीच. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही सापडत नाही म्हणाले. तो दर रविवारी त्या फिटरच्या घरी जायला लागला. तिथे काय करायचा ते कधी सांगायचा नाही. तिला एवढंच कळलं होतं की फिटरची आई त्याला बसायला खुर्ची देते आणि कुणी फारसं बोलत नाही. एके दिवशी ती भाजीत मीठ घालायला विसरली. घास तोंडात गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं सगळी भाजी खाऊन ताट उचललंही होतं. साहेबांची चिठ्ठी वगैरे काही नाही. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ती पोटभर रडली.

पण आकड्यावर मात्र तिचा विश्वास अढळ. माणसाचा हात चुकू शकतो. आपल्या माणसाचासुद्धा चुकू शकतो. तिला वाईट वाटायचं ते एवढंच की हे तिला त्याला सांगावं लागलं.

यंदा एका सोमवारी कारखान्याचा कूलिंग टॉवर दुरुस्तीसाठी बंद केला. हा टॉवर दोन वर्षांपूर्वी लॅबच्या पश्चिमेला उभा केलेला. भट्ट्यांचं गरम पाणी त्यातून कोसळत निवायचं आणि त्याचा तुषार दिवसरात्र हवेत उडत असायचा. तो बंद झाल्यावर लॅबमध्ये इतकी शांतता पसरली की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागला.

मंगळवारी सकाळी ब्लँक आला सहा.

बाईंनी चष्मा पुसला. गेली दीड-दोन वर्षं ब्लँक तीसच्या पुढेच असायचा, कधी पस्तीस, कधी चाळीस. पूर्वी तो चार-पाच असायचा हे त्यांना आठवत होतं. तो हळूहळू चढला तेव्हा त्यांनी पाणी बदललं, फिल्टर बदलले, नळी बदलली. यंत्राला क्लोराइडचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण रोज पाजून पाहिलं, तर यंत्र रोज अचूक उत्तर देत होतं. शेवटी साहेब म्हणाले, "बाई, ब्लँक पन्नासच्या आत असला की काम चालू ठेवावं, असं तुमच्याच अक्षरात लिहिलंय ना?" लिहिलं होतं खरं. मग त्यांनी नाद सोडला होता. जे येईल ते प्रामाणिकपणे वजा करत राहिल्या.

बुधवारी ब्लँक आला चार.

काही बदललेलं नव्हतं. पाणी तेच, नळी तीच, होडी तीच, माणूस तोच. गुरुवारी होडी उचलायला त्या खिडकीपाशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. कट्टा स्वच्छ होता. या कट्ट्यावर रोज सकाळी पांढुरकी पूड असायची. त्या फडक्यानं पुसायच्या आणि सफाईवाल्या मावशींना बोल लावायच्या, की मावशी, हा कोपरा तुम्हाला दिसत कसा नाही? मावशी बिचाऱ्या म्हणायच्या, बाई, मी रोज पुसते हो. काचेच्या बाहेरच्या अंगाला ती पूड अजून होती. बाईंनी खिडकी उघडली, ओल्या कागदानं काच टिपली, कागद शुद्ध पाण्यात बुडवला आणि ते पाणी यंत्रात सोडलं.

साडेचार मिनिटांनी रेघ वर चढली ती पडद्याच्या बाहेरच निघून गेली.

टॉवरच्या पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीन घालत. आटून आटून ते पाणी खारट व्हायचं. त्याचा तुषार वाऱ्याबरोबर पश्चिमेच्या खिडकीच्या फटींतून आत यायचा आणि कट्ट्यावर वाळत ठेवलेल्या त्या एका होडीवर रात्रभर बसायचा. ओव्हनमधल्या होड्यांना त्याचा स्पर्शही नव्हता. सगळ्या लॅबमध्ये मळकी होडी एकच होती, तिनं सात पाण्यांनी धुतलेली. आणि त्या होडीवरचं मीठ ती रोज प्रत्येक धातूच्या आकड्यातून वजा करत आली होती. धातूतलं मीठ तिनं कागदावरून पुसून टाकलं होतं.

ती स्टुलावर बसली. रजिस्टर उघडायची गरजच नव्हती, तो दिवस तिला पाठ होता. यंत्रानं दाखवलेलं एकशे एकतीस, ब्लँक अडतीस, बाकी त्र्याण्णव, पास. अडतीसच्या जागी चार वजा केले तर एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीस म्हणजे लॉट परत. म्हणजे सांधे नाहीत, गळती नाही, फिटर नाही, हेल्मेटं नाहीत.

पण हा झाला नुसता हिशेब. त्या दिवशीचे अडतीस खिडकीतलेच होते की पाण्यातले, हे आता कोण सांगणार? ते सांगू शकेल अशी एकच गोष्ट उरली होती. प्रत्येक लॉटची थोडी भुकटी सीलबंद बाटलीत पंधरा महिने ठेवायची पद्धत होती. शनिवारी सकाळी ती नमुन्यांच्या खोलीत गेली. तिथल्या काकांनी बाटली उजेडात धरली.

"वाचलात बाई. पुढच्या महिन्यात ही टाकून द्यायची होती," ते म्हणाले. "पण यात ग्रॅमभरच आहे हं. चौकशीवाल्यांनी बाकीची नेली, ताकद तपासायला."

ग्रॅमभर म्हणजे दोन वेळा. तिसऱ्यांदा काही नाही.

तिनं ब्लँकची होडी ओव्हनमध्ये वाळवली, आयुष्यात पहिल्यांदा. ब्लँक चार आला. मग सील तोडलं, अर्धा ग्रॅम मोजला, नळीत सरकवला, वाफ सोडली. पाणी गोळा झालं. थेंब यंत्रात गेला आणि ती पडद्यासमोर उभी राहिली.

साडेचार मिनिटं. तिनं देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागायचं म्हटलं तर काय मागायचं तेच कळेना. आकडा मोठा आला तर नवऱ्याचा हात स्वच्छ, मग त्या पोराचा हात तिनं जाळला, नवऱ्याचे हात तिनं घालवले. आकडा लहान आला तर ती सुटली आणि तो कायमचा अडकला. दुसऱ्या मिनिटाला तिच्या मनात आलं, लहान येऊ दे. अगदी स्पष्ट आलं. देवा, शंभराच्या आत येऊ दे. आणि मग तिला स्वतःची अशी शिसारी आली की तिनं टेबलाची कड घट्ट धरली. ज्या माणसानं तिच्या एका सहीवर स्वतःचे तीस वर्षांचे हात खोटे मानले, त्याच्याविरुद्ध ती पुन्हा एकदा साक्ष मागत होती.

रेघ चढली. एकशे चोवीस.

उरलेला अर्धा ग्रॅमही तिनं घातला. एकशे एकोणतीस.

या खोलीत रडायचं नाही, हा तिचाच नियम. डोळ्यातल्या पाण्यातही मीठच. एकदा एका शिकाऊ मुलीला तिनं त्यावरून बाहेर काढलं होतं. ती कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली. तिथे रडायला काही हरकत नव्हती, पण रडू येईना.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"बाई, फाईल बंद होऊन वर्ष होत आलं," ते म्हणाले. "तुम्ही ही उघडलीत तर दोन वर्षांचे सगळे लॉट उघडतील."

"उघडू देत."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"आणि मिळणार काय? त्यांच्या हातात आता कुणी टॉर्च देणार आहे का? हात बघितलेत का तुम्ही त्यांचे?"

"मी रोज बघते साहेब," ती म्हणाली. तिनं दुसरी प्रत पुढे सरकवली, तिच्यावर पोचल्याची सही घेतली आणि घराकडे निघाली.

नवरा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. तिनं चप्पलही काढली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, होडी, खिडकी, टॉवर, अडतीस, चार, आणि कागद त्याच्या हातात दिला. कागद त्याच्या हातात एवढा हलायला लागला की त्यानं तो मांडीवर ठेवून वाचला.

"म्हणजे तो थुंकत होता," तो म्हणाला.

"हो."

"एकशे चोवीस."

"आणि एकशे एकोणतीस. अहो, तुमचा हात चुकला नव्हता. मी चुकले."

तो ओरडेल, कागद फाडेल, निदान उठून निघून तरी जाईल असं तिला वाटलं होतं. वाटेत तिनं त्याची तयारी केली होती. त्यानं कागदाची घडी घातली, नीट कडा जुळवून, आणि तिला परत दिली.

"तू म्हणतेस तर असेल," तो म्हणाला.

"मी म्हणते म्हणून नका हो!" ती किंचाळली. शेजारच्यांनी खिडकी उघडली तरी तिला भान नव्हतं. "तुम्ही म्हणत होतात ना! तुम्हाला ऐकू येत होतं ना! मग मला खोटं का नाही पाडलंत? चौकशीत का नाही बोललात?"

त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे निरखले.

"तेव्हा यांना कळत होतं," तो म्हणाला. "मग मी यांना वर्षभर सांगत राहिलो की तुम्हाला काही कळत नाही. आता खरंच कळत नाही गं."

तिनं ते हात धरले. आपल्या हातात घट्ट धरले तर थांबतील असं तिला वाटलं. ते थांबले नाहीत.

रविवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून आरशासमोर उभा होता. वरचं बटण काजात जात नव्हतं. बोटं तिथवर यायची आणि घसरायची.

"कुठे निघालात?"

"आज रविवार ना."

"फिटरकडे?" ती उठून बसली. "आता कशाला? सांगितलं ना, तुमची चूक नव्हती."

"ऐकलं मी," तो म्हणाला. तो बटणाशीच झटत होता, तिच्याकडे वळला नाही. "आजवर माझ्या चुकीसाठी जात होतो. आता तुझ्या चुकीसाठी जातो. कुणीतरी जायला हवं ना. तो पोरगा वाट बघतो."

ती उठली. त्याच्यासमोर उभी राहून तिनं बटण लावलं, मग दोन्ही बाह्यांची लावली. तो लहान मुलासारखा हात पुढे करून उभा होता.

"थांबा," ती म्हणाली. "मी येते."

तो दारात खुर्चीवर बसून राहिला. तिनं तोंड धुतलं, साडी बदलली, पर्समध्ये कागद ठेवला, काढला आणि पुन्हा ठेवला. जिन्यात तो कठडा धरून पुढे उतरत होता आणि ती एक पायरी मागे होती. त्या पोराला सांगायचं कुठून, हे ती मनात जुळवत होती. होडीपासून सांगावं की खिडकीपासून? की सरळ नाव सांगून टाकावं, की ती सही माझी? खालच्या पायरीपर्यंत तिला एकही वाक्य धड जुळलं नाही.